पेठेचा कौल आणि तालुक्याचें अक्षर : औशाच्या निमित्तानें एक परीक्षण

पेठ वसविण्याच्या कौलांशीं या त्रैमासिकाच्या वाचकांचा परिचय जुना आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींतील उताऱ्यांत ते आहेत, खासगी संग्रहांत आहेत, आणि एखाद्या शेटे-महाजनांच्या घराण्याचें दप्तर उलगडलें तर वतनाच्या तंट्याच्या कागदांत मूळ पुरावा म्हणून जोडलेली कौलाची नक्कलही हातीं येते. आपण त्या कागदाची तारीख जुळवितों, शिक्का वाचतों, कारकुनाचें वळण ओळखण्याचा प्रयत्न करितों आणि कागद पुन्हा रुमालांत बांधतों. कौलानें जें घडवून आणावयाचें ठरविलें होतें तें घडलें कीं नाहीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. तो प्रश्न येथें विचारावयाचा आहे. मात्र जुन्या कागदास नव्हे, आपल्याच काळच्या एका कागदास. महाराष्ट्र शासनाची सामूहिक प्रोत्साहन योजना हा तो कागद होय. १९६४ सालीं ती प्रथम निघाली, आणि पुढें १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ व २०१९ या सालीं तिच्या नव्या आवृत्त्या झाल्या. मागासलेल्या भागांत जो नवा उद्योग काढील किंवा असलेला वाढवील त्यास करांत सवलत द्यावयाची, हें तिचें सार. जातीनें हा कौलच आहे. म्हणून कौलाची कसोटी त्यास लावणें अन्यायाचें होणार नाहीं.

कौल हा शब्द अरबी, मूळ अर्थ बोल किंवा वचन. मराठींत तो इतका मुरला आहे कीं, देवास कौल लावतांना अथवा निवडणुकींत लोकांनीं कौल दिला असें म्हणतांना त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. कारभाराच्या भाषेंत मात्र त्याचा अर्थ नेमका होता : सरकारानें अमुक माणसास, अमुक जागेसाठीं, अमुक मुदतीपर्यंत दिलेलें वचन. पेठेच्या कौलांतील कलमेंही साधारण एका वळणाचीं असत. जो उदमी अथवा कसबी नवें घर बांधून राहील त्यास मोहतर्फा इतकीं वर्षें माफ, जकातींत सूट, वेठबेगार व फडफर्मास नाहीं, पेठ वसविण्याची खटपट करणारास शेटेपणाचें वतन. मुदत सरतांच पूर्ण कर एकदम बसवावयाचा नसला म्हणजे तो पायरीपायरीनें चढवीत इतरांच्या बरोबरीस आणीत. यासच इस्तावा म्हणत. पडीत जमिनीच्या लागवडीस हीच रीत लाविलेली असे. पुणें परगण्यांत दादोजी कोंडदेवांनीं उजाड मुलूख लावण्यासाठीं चढत्या साऱ्याचा कौल दिला व शेवटची पायरी मलिकंबरी धाऱ्याची ठेविली, ही शकावलींतील हकीकत सर्वश्रुत आहे.

या रचनेंत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. सवलत पहिल्या दिवसापासून पदरांत पडे. ज्या वर्षीं दुकानाची भिंत उभी राहिलेली नसते, गिऱ्हाईक जोडलेलें नसतें आणि घरांतील पुंजी बाहेर पडत असते, त्या वर्षीं सरकार कांहीं मागत नसे. आधीं भरा आणि मग परत मागा, असा व्यवहार कौलांत नाहीं. उदमी पेठेंत राहावयास आला, हीच त्याची पात्रता.

आतां नवा कागद पाहूं. मुंबई, ठाणें व पुणें या पट्ट्यांत सांचलेला उद्योग राज्याच्या इतर भागांत पसरावा म्हणून १९६४ची योजना आली. १९६६ सालीं स्थापन झालेल्या सिकॉम या महामंडळाकडे तिचा कारभार पुष्कळ वर्षें होता. सवलतीचा गाभा विक्रीकर हा. कधीं विक्रीकराच्या रकमेशीं निगडित असें बिनव्याजी कर्ज, कधीं विक्रीकराची माफी, तर कधीं तो वसूल करून कांहीं वर्षें आपल्याजवळ ठेवण्याची व मागाहून भरण्याची मुभा. आपल्या दप्तरांच्या भाषेंत शेवटच्या प्रकारास तहकुबी म्हणावें लागेल. एकट्या महाराष्ट्रानेंच हें केलें असें नाहीं. प्रत्येक राज्य शेजाऱ्याहून अधिक देऊं लागलें, आणि ही चढाओढ इतकी माजली कीं १९९९ सालीं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनीं एकत्र बसून, विक्रीकराच्या नव्या सवलती १ जानेवारी २००० पासून बंद करण्याचें ठरविलें. पुढें २००५ सालीं मूल्यवर्धित कर आला, आणि २००७च्या योजनेंत दारानें गेलेली सवलत अनुदान हें नांव धारण करून खिडकीनें परत आली. कर भरावा लागे. भरलेल्या कराच्या प्रमाणांत शासन मागाहून अनुदान देई. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर हेंच अनुदान त्या करांतील राज्याच्या हिश्शाशीं जोडण्यांत आलें. कर्ज, माफी, तहकुबी, परतावा, अनुदान अशीं नांवें बदलत गेलीं. कागदांचा अभ्यास करणारास हें नामांतर नवें नाहीं. एकच पट्टी बाब कोठें, नजर कोठें, तर कोठें भेट म्हणून खर्चीं पडलेली आपण पाहिलीच आहे. परंतु येथें नांवाबरोबर काळही बदलला : सवलत पहिल्या दिवसावरून उचलून कर भरल्याच्या नंतरच्या दिवसावर नेण्यांत आली, आणि कौलाचा प्राण नेमका त्या पहिल्या दिवसांत असतो.

जागेची ओळखही बदलली. कौल पेठ ओळखतो. योजना तालुक्याचें अक्षर ओळखते. राज्यांतील तालुके अ, ब, क, ड आणि ड-अधिक अशा गटांत विभागलेले असून, अ हा सर्वांत पुढारलेला व ड-अधिक हा अगदीं मागें राहिलेला. शिवाय उद्योगविरहित जिल्हे व नक्षलग्रस्त भाग हे वेगळे काढलेले. मराठवाड्याचे बहुतेक तालुके ड व ड-अधिक या अक्षरांखालीं मोडतात. जितकें अक्षर मागचें तितकी सवलत मोठी आणि मुदतही लांब. कागदावर यास नांवें ठेवण्यास जागा नाहीं. प्रश्न आहे तो हा कीं, मोठ्या सवलतीचें हें वचन प्रत्यक्ष औशाच्या बाजारांत उतरलें म्हणजे त्याचें काय होतें.

औसा हें ठाणें इतिहासाच्या वाचकांस किल्ल्यामुळें ठाऊक आहे. बहामनी अमदानीपासूनचा हा भुईकोट १६३६ सालीं उदगीरच्या जोडीनें मोगलांकडे गेला; १७६०च्या आरंभीं उदगीरच्या मोहिमेंत निजामअलीची फौज औशाच्या रोखानें सरकत असतां भाऊसाहेबांनीं तिला गांठून जेर केलें, हेंही सर्वांस माहीत आहे. पण किल्ल्याखालची पेठ किल्ल्याच्या शिबंदीवर जगते, आणि शिबंदी उठली कीं पेठेस दुसरा आधार शोधावा लागतो. या भागांत तो आधार कापूस, गळित व डाळी यांच्या व्यापारांत होता. आणि तो व्यापार औशास न राहतां जवळच्या लातुरास एकवटला. १८९१ सालीं लोकमान्य टिळकांनीं भागीदारींत कापसाची सरकी काढण्याचा कारखाना काढला तो लातुरास. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा फांटा पोंचला तोही लातुरास. औशाच्या वांट्यास त्या मार्गावरील एका स्टेशनाचें ‘औसा रोड’ हें नांव तेवढें आलें. पाटीवर औसा आहे, रूळ मात्र गांवास शिवत नाहींत. तालुका तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशीव जिल्ह्यांत होता. १६ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हां तो त्यांत आला.

अशा तालुक्यांत नवा उद्योग कोणता निघेल? ज्यास कांहीं विशेष ठाऊक नाहीं असा मनुष्यही लातूरच्या आडत बाजारांत एक सकाळ घालवील तर सांगेल : तुरीची डाळ आणि सोयाबीनचें तेल. जो माल शेतांतून निघतो त्यावर प्रक्रिया करणें हाच येथला स्वाभाविक धंदा. आतां डाळीचा हिशेब मांडून पाहावा. वस्तु व सेवा कर आला तेव्हां नोंदणीकृत छापाशिवाय विकली जाणारी डाळ करमुक्त ठेवण्यांत आली. १८ जुलै २०२२ पासून नियम पालटला व २५ किलोपर्यंतच्या, आधींच बांधून चिठ्ठी लावलेल्या पुड्यांवर ५ टक्के कर बसला; त्याहून मोठ्या गोणींतील डाळ करमुक्तच राहिली. डाळीची गिरणी घाऊक माल विकते तो गोणींतून. म्हणजे औशांतील एखाद्या तरुणानें घरची जमीन गहाण टाकून गिरणी उभारली, तर त्याच्या मुख्य मालावर कर शून्य. आणि कर शून्य असल्यामुळें कराच्या प्रमाणांत मिळणारें अनुदानही शून्य. शासनानें ज्यास सर्वांत उदार अक्षर दिलें, त्याच्या हातीं त्या औदार्याचा हा भाग कोराच राहतो. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच, हें गणित तिसरीच्या मुलासही येतें. योजनेचा मसुदा लिहिणारांच्या नजरेंतून तें सुटलें, कीं दिसूनही सोडण्यांत आलें, हें कागदावरून ठरवितां येत नाहीं.

पुड्यांचा धंदा केला असें धरलें तरी फारसा फरक पडत नाहीं. ५ टक्क्यांपैकीं राज्याचा हिस्सा २॥ टक्के. राज्यांत वर्षाकांठीं १ कोट रुपयांची विक्री झाली तर २॥ लाख रुपये. त्यांतही अट अशी कीं, माल महाराष्ट्रांतच विकलेला असावा. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरील कर निराळा असून त्याचें उत्पन्न माल जेथें खपतो त्या राज्याकडे जातें. तेव्हां त्याचा परतावा महाराष्ट्रानें द्यावा असें म्हणतां येत नाहीं. हा नियम मुंबईजवळच्या कारखान्यास जड नाहीं, कारण त्याचें गिऱ्हाईक त्याच्या दाराशीं आहे. लातूर जिल्हा मात्र कर्नाटकाच्या सीमेस भिडलेला, तेलंगण पलीकडे हाकेच्या अंतरावर. येथील व्यापार निजामाच्या राज्यांत शतकानुशतकें ज्या दिशांनीं वाहिला त्यांतील कांहीं दिशा १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर परराज्य झाल्या. बिदरकडे गेलेली गोणी योजनेच्या हिशेबांत जमेस येत नाहीं. सीमेवरच्या तालुक्यास मागास ठरवून मोठी सवलत द्यावयाची, आणि त्याच्या सीमेपलीकडील व्यापारास ती लागू करावयाची नाहीं, यांतील विसंगति मुंबईंत बसून दिसत नसावी.

सर्वच कलमें अशीं पोकळ आहेत असें म्हणणें मात्र खोटेपणाचें होईल. मुद्रांक शुल्काची माफी आणि वीज शुल्काची माफी हीं दोन कलमें खऱ्या कौलाच्या वंशांतलीं आहेत. जमिनीचें खत करितांनाच पैसे वांचतात. विजेच्या बिलांत दर महिन्यास वांचतात. कोणाच्या दारीं परताव्यासाठीं खेटे घालावे लागत नाहींत. २०१६ सालीं विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र यांसाठीं विजेच्या दरांतच सूट देण्यांत आली तीही याच जातीची; फक्त तिचा लाभ विजेच्या वापराच्या प्रमाणांत होतो, म्हणजे लोखंड वितळविणारी भट्टी डाळ भरडणाऱ्या गिरणीच्या कितीतरी पुढें राहते. आमच्या मतें योजनेंतील चांगला भाग हा इतकाच, आणि तोच सर्वांत कमी बोलबाला झालेला आहे.

दुसरा आक्षेप मापाचा. कौलानें पेठेचें माप घरांत केलें : किती उदमी आले, किती चुली पेटल्या. योजना माप करिते तें यंत्रें, इमारत व जमीन यांत गुंतविलेल्या भांडवलाचें. सवलतीची कमाल मर्यादा त्या भांडवलाच्या टक्केवारींत ठरते. उद्योग वाढविणारासही हाच न्याय : जुन्या भांडवलांत ठराविक प्रमाणाची भर पडली पाहिजे. जो चार माणसें अधिक ठेवून, तेंच यंत्र दोन पाळ्यांत चालवून धंदा वाढवितो त्याची वाढ या व्याख्येंत बसत नाहीं. आणि भांडवल फार मोठें झालें म्हणजे गोष्ट पुन्हा पालटते. विशाल प्रकल्प म्हणून जे गणले जातात त्यांच्यासाठीं स्वतंत्र वाटाघाट होऊन सवलतींचा निराळा ठराव केला जातो. माणसाचें नांव, जागेचें नांव, मुदत आणि अटी असलेला जुन्या पद्धतीचा कौल नामशेष झाला असें कोणी समजूं नये. तो आजही दिला जातो. फक्त तो सर्वांत मोठ्यांपुरता राहिला आहे, आणि लहानांच्या वांट्यास अक्षर आलें आहे.

कौलाची एवढी स्तुति केल्यावर त्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहींतर आमच्यावर जुन्याचा पक्षपात केल्याचा आरोप येईल, व तो खरा ठरेल. कौल बहुधा उजाडीतून जन्मे. स्वारी येऊन गेली, दुष्काळ पडला, लोक परागंदा झाले, म्हणजे सरकारास कौल सुचे. पेठ वसविणारास दिलेलें शेटेपण वंशपरंपरा चाले, आणि चार वर्षांच्या खटपटीचा मोबदला त्याचे नातू-पणतू बाजारांतील प्रत्येक पाटीमागें घेत बसत. बाजार कोठें भरावा व कोणत्या वारीं भरावा यावरून गांवागांवांत झालेले तंटे तर मराठी दप्तरांत उदंड आहेत. नव्या पेठेस दिलेली सूट जुन्या पेठेच्या पोटावर येई, हें त्यांवरून उघड दिसतें. १९९९ सालीं मुख्यमंत्र्यांना जी व्याधि जाणवली ती आपल्या शेट्यांना फार पूर्वीं ठाऊक होती.

तरी पण जुन्या कारभाऱ्यांजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे मालाच्या भावाचें ज्ञान. शिवछत्रपतींनीं ७ डिसेंबर १६७१ रोजीं कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं पाठविलेलें पत्र या दृष्टीनें पुन्हा वाचावें. बारदेशचें, म्हणजे फिरंगी मुलुखांतील मीठ स्वस्त पडे व उदमी तिकडे वळत. त्यामुळें संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडण्याची भीति होती. तेव्हां त्या मिठावर जकात इतकी बसवावी कीं, दोन्ही ठिकाणचा माल उदम्यास सारखाच पडावा, असा हुकूम आहे. या हुकुमास सवलत म्हणतां येणार नाहीं. तो तिच्या उलट, करवाढीचा आहे. परंतु स्थानिक धंदा करानें तगवावयाचा तर आधीं काय माहीत असलें पाहिजे, याचा हा कागद वस्तुपाठ होय. एक जिन्नस, दोन बाजार, दोन भाव, आणि त्या दोहोंमधील अंतर. तालुक्याच्या अक्षरांत यांपैकीं एकही गोष्ट नाहीं. ड या अक्षरास तूर माहीत नाहीं. किल्लारी आणि औसा हीं दोन्ही गांवें एकाच तालुक्यांत आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानें एकाची घरें मुळापासून उखडलीं, दुसऱ्याचा बाजार उभा राहिला. तालुका हेंच ज्याचें माप त्या कागदास दोन्ही सारखीं. मीठ जाणणारा सरसुभेदार तूर जाणल्याशिवाय तुरीच्या मुलखास कौल देता ना.

शेवटीं आपल्या व्यवसायाचा मुद्दा. योजनांचे शासन निर्णय छापलेले आहेत व ते टिकतील. कौल टिकले तसेच. वचन टिकतें, पालन टिकत नाहीं. एखाद्या पेठेच्या कौलावरून ती पेठ वसली असें आपण लिहून मोकळे होतों. पण मुदत संपल्यानंतरचा मोहतर्फ्याचा झाडा मिळाल्याशिवाय तें सिद्ध होत नाहीं. कित्येक पेठांच्या बाबतींत असा झाडा आपण शोधलेलाच नाहीं, कारण त्यावर शिक्का सुबक नसतो व संग्रहांत तो शोभत नाहीं. हाच दोष पुढच्या पिढीकडून घडूं नये. औसा तालुक्यांत १९६४ पासून कोणकोणत्या उद्योगास पात्रतेचें प्रमाणपत्र मिळालें, त्यावर अनुदान किती ठरलें, हातीं किती आलें व कोणत्या वर्षीं आलें, मुदत संपल्यावर तो उद्योग चालू राहिला कीं कुलूप लागलें, हे कागद आज कारखानदारांच्या कपाटांत व हिशेबनिसांच्या गठ्ठ्यांत पडून आहेत. कांहीं वर्षांनीं ते रद्दीच्या तागडींत जातील. त्याच घरांत वरच्या माळ्यावर औशाच्या पेठेचे मोडी कागद असण्याचाही पुष्कळ संभव आहे. मोडी रुमाल मागावयास जाणाऱ्या संग्राहकांनीं खालच्या कपाटांतील फायलींचीही चौकशी करावी, आणि दोहोंची यादी एकाच वहींत करावी.